वेरूळचा तो व्हिडिओ आणि आपली ब्रह्मपुरी

कोल्हापूर,
रविवार, रात्री

चि. मुक्ता हिस बाबांचे अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला वेरूळचा व्हिडिओ दोनदा बघितला. कैलास लेणं माणसाच्या हातून होणं शक्यच नाही, परग्रहावरून कोणी तरी येऊन कोरून गेलं, असं तो माणूस ठासून सांगतो. खाली तू लिहिलंस, "बाबा, विज्ञानाकडे याचं उत्तरच नाही!" फोनवर हे नीट बोलता आलं नसतं, म्हणून पत्र लिहितोय.

मला त्या व्हिडिओचा राग आला, बाळा. तीस वर्षं मी फौंड्रीत लोखंडाचा रस ओततोय. एखादं अवघड कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेला तुकडा, बिनखोट निघालं आणि बघणारा म्हणाला, हे तुमच्यातल्या कोणाचं नसणारच, तर साचे करणाऱ्या आमच्या मोल्डरना काय वाटेल? कैलासाच्या भिंतींवर छिन्नीचे घाव आजही दिसतात. डोंगर वरून खाली कोरत आणला, तो आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात. बडोद्याला सापडलेल्या नवव्या शतकातल्या ताम्रपटात या देवळाचं वर्णन आहे. त्यात म्हटलंय की, हे आपल्या हातून झालं कसं, याचं ते करणाऱ्या शिल्पकारालाही नवल वाटलं. बाराशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं हे वाक्य मला त्या सगळ्या व्हिडिओपेक्षा मोठं वाटतं.

पण न सुटलेलं कोडं नसतंच, असं मी म्हणत नाही. एक तर आपल्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

लहानपणी तुला टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये नेलं होतं, आठवतं? तुला तिथल्या तोफा आवडल्या होत्या आणि मी एका पितळी बाहुलीएवढ्या मूर्तीपुढून हलत नव्हतो. ती पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, कांस्यमूर्ती. वीतभरही उंच नाही. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर 1940च्या दशकात सापडली. सोबत भांडी होती, हत्तीवर बसलेले स्वार होते. पुढे 1945-46मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी तिथं रीतसर उत्खनन केलं आणि सातवाहनांच्या काळातलं नांदतं गाव उजेडात आलं.

मी ती मूर्ती ओतणाऱ्याच्या नजरेनं बघतो. एवढ्याशा अंगात पोटाचे स्नायू, खांद्याची गोलाई, कमरेचा बाक उतरवायचा म्हणजे आधी तो हात तयार असावा लागतो. रोमशी आपला व्यापार होता, तिकडची जहाजं कोकणच्या बंदरांना लागत होती, घाटवाटांनी माल वर येत होता. इथपर्यंत सगळं कळलेलं आहे. पण समुद्राच्या देवाला घेऊन घाट चढून कोण आलं? प्रवासात सांभाळ व्हावा म्हणून एखाद्या व्यापाऱ्यानं जवळ बाळगला होता? इथल्या कोणाला नुसता आवडला म्हणून विकत घेतला? की आपल्याकडे भंगार येतं तसा वितळवायला आलेला आणि वितळायचा राहून गेला? त्या मूर्तीवर एक अक्षरही नाही. मला तिसऱ्या शक्यतेनं नेहमी धस्स होतं. भंगाराच्या ढिगातून काही भट्टीत टाकताना माझा हात आजही क्षणभर थांबतो.

आता तुझ्या शिक्षणातलं सांगतो. जुन्या चर्चच्या खिडक्यांच्या काचा तळाशी जाड असतात, कारण काच हळूहळू वाहते, असंही तू मागे पाठवलं होतंस. ते खोटं आहे. जुन्या पद्धतीनं बनवलेली काच मुळातच कमी-जास्त जाडीची व्हायची. पण खरी गोष्ट जास्त चक्रावणारी आहे. लोखंडाचा रस गोठतो तेव्हा अणू रांगा धरतात, स्फटिक बनतात, ते मला तुकडा मोडून डोळ्यांनी दिसतं. काच थंड होताना अणू रांग धरतच नाहीत. द्रवात असतात जवळपास तसेच अस्ताव्यस्त राहतात आणि तरी दगडासारखे घट्ट होऊन बसतात. का? नोबेल मिळवलेल्या फिलिप अँडरसन यांनी 1995मध्ये लिहिलं होतं की, घनपदार्थांच्या सिद्धान्तातला हा बहुधा सगळ्यांत खोल आणि न सुटलेला प्रश्न आहे. अजूनही त्यावर सगळ्यांचं एकमत झालेलं नाही. तुझ्या होस्टेलच्या खिडकीला लावलेल्या काचेबद्दल मी बोलतोय, मुक्ता! परग्रहापर्यंत जायची गरजच काय?

अभ्यासाचं मी विचारत नाही, ते तुझं तू बघतेस. आईनं शेंगदाण्याची चटणी आणि कांदा-लसूण मसाला बांधून ठेवलाय, गुरुवारी पार्सल निघेल.

दिवाळीत चार दिवस जास्त काढून ये. मलकापूरवरून अणुस्कुरा घाट उतरून राजापूरकडे जायचं ठरवलंय. तिथल्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवर, जांभ्यात कोरलेली कातळशिल्पं आहेत. कशेळीला भला मोठा हत्ती आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेत. काही ठिकाणी गेंडाही आहे, आणि आज कोकणात गेंडा नाही. कोणी कोरलं, कशासाठी, ठाऊक नाही. उघड्या कातळावरच्या रेघांचं वय काढणंही फार अवघड.

मला मात्र आधी देवाचे गोठणे इथं जायचंय. तिथं सड्यावर माणसाची आकृती कोरलेली आहे आणि तिच्यापाशी होकायंत्राची सुई भरकटते. जांभ्यात लोह असतं, तेव्हा सुई हलणं मी समजू शकतो. पण ज्यानं ती आकृती नेमकी तिथंच कोरली, त्याच्याकडे होकायंत्र नव्हतं.

तुझं शाळेतलं होकायंत्र माळ्यावरच्या पेटीत सापडलं. सुई अजून चालते. पुसून ठेवलंय.

तुझे,
बाबा