प्रगतीपुस्तकात समितीचाही रकाना हवा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

अधिवेशन संपलं की वर्तमानपत्रांत खासदार-आमदारांचं प्रगतीपुस्तक येतं: उपस्थिती इतके टक्के, प्रश्न इतके, भाषणं इतकी. आपल्या अंकातही येतं. पण अर्थसंकल्पाची आणि विधेयकांची बारीक तपासणी सभागृहात फारशी होतच नाही, ती समितीच्या बंद खोलीत होते. तिथे आपला प्रतिनिधी गेला का, हे त्या तक्त्यात कुठेच नसतं. हा रकाना का हवा आणि तो भरायचा कुठून, एवढ्यासाठी हे पत्र.

उदाहरण कांद्याचंच घेऊ. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली तेव्हा आपल्या नाशिक जिल्ह्यात एकच विचारणा होती, खासदार लोकसभेत काय बोलले? पण दिल्लीत कांदा एका खात्याचा नाही. बियाणं आणि लागवड कृषी मंत्रालयाकडे. नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांची सरकारी खरेदी भाव स्थिरीकरण निधीतून होते आणि तो निधी २०१६ पासून कृषी नव्हे, ग्राहक व्यवहार विभागाकडे आहे. निर्यातबंदीची अधिसूचना वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीतली, निर्यातशुल्क अर्थ मंत्रालयाचं. लासलगावचं कांदा टिकवणारं विकिरण केंद्र ज्या तंत्रज्ञानावर उभं आहे ते अणुऊर्जा विभागाचं, म्हणजे आणखी पाचवं दार. या प्रत्येक खात्यावर वेगळी स्थायी समिती आहे आणि एका खासदाराला साधारणपणे एकाच समितीत जागा मिळते. नाशिक, दिंडोरी आणि (मालेगाव-बागलाणपुरता) धुळे अशा तीन मतदारसंघांचे खासदार एकाच समितीसाठी अडून बसले तर बाकीच्या दारांशी आपलं कुणीच नसतं. पक्ष वेगळे असले तरी एवढं आपसात बोलून ठरवायला हरकत नसावी.

आता या समित्या चालतात कशा. खातेनिहाय स्थायी समित्या १९९३ मध्ये सुरू झाल्या, तेव्हा १७ होत्या, २००४ पासून २४ आहेत. प्रत्येकीत ३१ सदस्य, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. मंत्र्याला सदस्य होता येत नाही. मुदत एका वर्षाची. १ फेब्रुवारीला अर्थसंकल्प मांडला, थोडी सर्वसाधारण चर्चा झाली की सभागृहाला सुटी लागते. बाहेरून ती सुटी दिसते, पण समितीसाठी हेच सुगीचे दिवस. तीन-चार आठवड्यांत खात्याच्या अनुदानाच्या मागण्या (म्हणजे खात्यानं खर्चासाठी मागितलेल्या रकमा) तपासायच्या, सचिवांची साक्ष घ्यायची आणि मागणी मतदानाला येण्याआधी अहवाल सभागृहात ठेवायचा.

या अहवालाला धार कितपत? समितीला कपात सुचवता येत नाही, शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत. तरीही तो महत्त्वाचा, कारण सभागृहात पुढे बहुतेक मागण्यांवर चर्चाच होत नाही. शेवटच्या दिवशी ठरलेल्या वेळेला अध्यक्ष उरलेल्या सगळ्या मागण्या एकदम मताला टाकतात. यालाच गिलोटीन म्हणतात. मार्च २०२३ मध्ये तर एकाही खात्याच्या मागणीवर चर्चा न होता लोकसभेत सगळ्या मागण्या मंजूर झाल्या. अशा वर्षी समितीतली तपासणी हीच पहिली आणि शेवटची.

अहवाल हातात आला की आधी तक्ता शोधावा. त्यात तीन आकडे शेजारी शेजारी असतात: मूळ तरतूद, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च. मूळ मोठा, सुधारित लहान आणि प्रत्यक्ष त्याहून लहान, अशी उतरंड सलग तीन वर्षं दिसली तर योजना कागदावरच आहे असं समजावं. दुसरी खूण तिमाहीच्या खर्चाची. केंद्राचा नियम आहे की शेवटच्या तिमाहीत ३३ टक्के आणि एकट्या मार्चमध्ये १५ टक्क्यांहून जास्त खर्च होऊ नये. हा नियम मोडला की कारण म्हणून ‘राज्यांकडून उपयोगिता प्रमाणपत्रं (निधी खर्च झाल्याचे दाखले) आली नाहीत’ हे ठरलेलं वाक्य येतं. सदस्यानं नेमकं तिथेच पकडायचं असतं: कोणत्या राज्याची, किती रकमेची, कोणत्या वर्षापासून?

कांद्याच्या बाबतीत असे प्रश्न ढीगभर आहेत. २०२४-२५ साठी भाव स्थिरीकरण निधीला १०,००० कोटींची तरतूद होती. त्याच्या आदल्या वर्षी कांद्याच्या बफरचं (सरकारी राखीव साठ्याचं) उद्दिष्ट ऑगस्टमध्ये ३ लाखांवरून ५ लाख टनांवर नेलं गेलं होतं. खरेदीचा दर रोज कुणी आणि कोणत्या बाजारांच्या सरासरीवरून ठरवला? शेतकरी उत्पादक कंपन्यांमार्फत घेतलेल्या मालाचा पैसा शेतकऱ्याच्या खात्यावर थेट किती गेला? चाळीतली (साठवणीतली) घट किती धरली आणि विकताना प्रत्यक्षात किती निघाली? घट कागदावर जास्त धरली की मधल्यांची चांदी होते, हे निफाड-चांदवडच्या कुणालाही सांगावं लागत नाही. सभागृहात यातला एखादाच प्रश्न कसाबसा बसतो आणि मंत्री लेखी उत्तर देऊन मोकळे होतात. समितीत मात्र सचिव समोर असतात आणि उत्तर पटलं नाही तर लेखी खुलासा मागवता येतो.

मग खासदार याचा गाजावाजा का करत नाहीत? गोम इथेच आहे. बैठका गोपनीय असतात. अहवाल पटलावर येईपर्यंत आत काय झालं ते बाहेर सांगितलं तर विशेषाधिकाराचा भंग होऊ शकतो. म्हणजे पत्रकार परिषद नाही, फोटो नाही, म्हणून श्रेयही नाही. एक तृतीयांश गणपूर्तीवर, म्हणजे दहा-अकरा जणांवर काम चालतं. उरलेले वीस कुठे होते, हे कुणी विचारत नाही.

ते विचारता येतं, आणि त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्जही लागत नाही. प्रत्येक अहवालाच्या शेवटी बैठकांची इतिवृत्तं जोडलेली असतात. त्यात तारीख, वेळ, हजर सदस्यांची नावं आणि साक्षीला आलेल्या अधिकाऱ्यांची यादी असते. कोणी कोणता प्रश्न विचारला हे बहुधा नावानिशी नसतं, तेव्हा बातमीदारानं तेवढा दावा करू नये. पण भिन्नमतपत्रिका असेल तर ती सहीनिशी छापलेली असते आणि तिच्यातून सदस्याचा अभ्यास लगेच कळतो. अहवाल संसदेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. साधारण तीन महिन्यांत सरकारनं शिफारशींवर उत्तर द्यायचं असतं आणि त्यावरून कार्यवाही अहवाल निघतो. त्याची पाच प्रकरणं असतात. वाचायचं चौथं, कारण सरकारचं जे उत्तर समितीला पटलेलं नाही ते तिथे सापडतं. पाचव्यात ‘विचाराधीन’ असलेल्या गोष्टी असतात. ते प्रकरण जाड असेल तर खातं वेळ काढतंय असं खुशाल समजावं.

विधेयकांची गत याहून वाईट आहे. पंधराव्या लोकसभेच्या काळात ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली, सोळाव्यात सुमारे पाव, सतराव्यात १६ टक्के. समितीकडे गेलेल्या विधेयकाचा एकेक खंड वाचला जातो. दुरुस्त झालेल्या मसुद्यात नवे शब्द अधोरेखित करतात आणि गाळलेल्या जागी तारांकन असतं. ते पाहिलं की समितीनं काय केलं ते दहा मिनिटांत समजतं. महाराष्ट्राच्या विशेष जनसुरक्षा विधेयकाचं उदाहरण ताजं आहे. संयुक्त समितीकडे १२ हजारांहून जास्त सूचना आल्या. जुलै २०२५ मध्ये ते मंजूर झालं तेव्हा मूळ मसुद्यातली व्यक्ती-संघटनांची मोघम व्याप्ती बदलून कडव्या डाव्या संघटनांचा उल्लेख आला होता, सल्लागार मंडळाची रचना बदलली होती आणि तपास अधिकाऱ्याचा दर्जा वाढला होता. बदल पुरेसे होते का, यावर वाद आहे आणि असावा. पण त्या समितीचे प्रमुख स्वतः मंत्रीच होते, ही गोष्ट दिल्लीच्या स्थायी समितीत चालली नसती.

इथे वाचकांचीही एक चूक सांगायला हवी. सूचना मागवल्या की आपण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा एकच मजकूर शेकड्यांनी पाठवतो. समितीच्या कार्यालयात असे सगळे अर्ज मिळून एकच मुद्दा धरला जातो. उपयोगाचं निवेदन एका पानाचं असतं: खंड क्रमांक, आताचा शब्दप्रयोग, हवा असलेला शब्दप्रयोग आणि कारण. संसदेच्या समित्या त्यासाठी बहुधा पंधराच दिवस देतात, आणि आपल्याकडे ती जाहिरात आतल्या पानात कोपऱ्यात येते.

आता मुंबई. विधिमंडळात लोकलेखा, अंदाज, सार्वजनिक उपक्रम आणि पंचायती राज या समित्यांवर आर्थिक तपासणीचा मुख्य भार. जिल्हा परिषदेत ‘पीआरसी (पंचायती राज समिती) येणार’ म्हटलं की काय धावपळ उडते ते सगळ्यांना ठाऊक आहे. शाळांना रंग लागतो, फायलींना नवे पुठ्ठे लागतात. बहुधा तीन दिवसांचा दौरा असतो आणि त्यात लेखापरीक्षणातले जुने परिच्छेद, म्हणजे आक्षेप, काढून मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची साक्ष होते. अडचण अशी की आक्षेप जुना, तेव्हाचा अधिकारी बदलून गेलेला किंवा निवृत्त, आणि समोरचा नवा माणूस ‘अनुपालन सादर केले आहे’ म्हणून सुटतो. अनुपालन सादर होणं आणि परिच्छेद वगळला जाणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. विचारायचं ते हे की परिच्छेद वगळला गेला का. शेजारच्या धुळ्यात मे २०२५ मध्ये अंदाज समितीच्या दौऱ्यात विश्रामगृहाच्या खोलीत रोकड सापडली, तेव्हापासून तर लोकांना समिती म्हणजे फक्त विश्रामगृह आठवतं. त्या समितीनं तपासायचं होतं काय, हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

पुरवणी मागण्यांकडेही असंच दुर्लक्ष होतं. २८ जून २०२४ ला राज्याचा ६.१२ लाख कोटींचा अर्थसंकल्प मांडला गेला आणि दीड आठवड्यात ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. डिसेंबरमध्ये ३५,७८८ कोटी, मार्चमध्ये ६,४८६ कोटी. बेरीज १ लाख ३७ हजार कोटींच्या पुढे जाते, म्हणजे मूळ आकड्याच्या पाचव्या हिश्शाहून जास्त. पुरवणी ही अचानक उद्भवलेल्या गरजेसाठी असते. दीड आठवड्यात एवढं काय उद्भवलं, हा प्रश्न जिल्ह्यातल्या पंधरांपैकी कोणत्याही आमदाराला विचारता येईल.

आमदार फलकावर लिहितात, ‘२५१५ मधून रस्ता’, ‘५०५४ मधून पूल’. हे आकडे म्हणजे लेखाशीर्ष, खर्च कोणत्या सदराखाली मांडला त्याचा क्रमांक. पहिला अंक २ किंवा ३ असेल तर महसुली खर्च, ४ किंवा ५ असेल तर भांडवली. ३०५४ ची दुरुस्ती आणि ५०५४ चं नवं काम एकाच रस्त्यावर एकाच वर्षी दिसलं तर एकच काम दोनदा दाखवलेलं नाही ना, हे दोन्हींच्या मोजमाप पुस्तिकेत पाहावं.

नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्याचं काय होणार, तेही यावरून कळतं. ३१ ऑक्टोबर २०२६ च्या ध्वजारोहणापासून २०२८ पर्यंतचा खर्च. कॅगचा अहवाल त्यानंतर, तोही बहुधा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर. मग खात्याचं स्पष्टीकरण, मग लोकलेखा समितीची साक्ष. तोवर घाटावरचे दगड उखडलेले असतील आणि ठेकेदाराची दोषदायित्वाची (कामातला दोष स्वखर्चानं दुरुस्त करून देण्याची) मुदत संपलेली असेल. अंदाज समितीला मात्र कॅगची वाट पाहावी लागत नाही, चालू कामाचा अंदाज ती आजही तपासू शकते. आपल्या जिल्ह्यातलं कोण त्या समितीवर आहे आणि त्यानं हा विषय मांडला का, एवढं पुढच्या प्रगतीपुस्तकात छापावं. जागा कमी पडत असेल तर भाषणांचा रकाना काढला तरी चालेल.

आपला,
एक नियमित वाचक
नाशिकरोड