विकास आराखड्यात घरांचा आकडाही हवा

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

नागपूरच्या विकास आराखड्याचा विषय निघाला की बोलणे रिंग रोड, उड्डाणपूल आणि आरक्षणे यांच्यापुढे सरकत नाही. पुढच्या वीस वर्षांत या शहराला किती घरे लागतील, त्यांतली किती ऑटोचालकाला, बांधकाम मजुराला किंवा खासगी शाळेतल्या शिक्षिकेला परवडतील आणि ती नेमकी कुठे उभी राहतील, हे कुणी विचारत नाही. ते विचारले न गेल्याचा त्रास हुडकेश्वर, नरसाळा, वाठोडा या बाजूला राहणारे आम्ही लोक रोज सोसतो.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा. त्याच्या कलम २२ मध्ये विकास आराखड्यात काय काय असावे ते दिले आहे, आणि आराखडा वीस वर्षांत किमान एकदा सुधारावा असे कलम ३८ सांगते. नागपूर शहराचा आराखडा २००० साली मंजूर झाला, म्हणजे वीस वर्षे २०२० मध्येच भरली. त्या नकाशात निवासी वापराची जमीन पिवळ्या रंगाने दाखवलेली असते. पिवळ्या पट्ट्यात घर बांधता येते एवढेच त्यावरून कळते. तिथे बंगले होणार की दोन खोल्यांची घरे, आणि ती कुणाच्या ऐपतीतली, याचा हिशेब मांडण्याची सक्ती कायद्यात नाही.

२००१ च्या जनगणनेत नागपूरची लोकसंख्या २० लाख ५२ हजार होती, २०११ मध्ये ती २४ लाख ५ हजारांवर गेली. घरटी पाच माणसे धरली तरी दहा वर्षांत सत्तर हजार नवी घरे लागली. ती कुठे झाली? ज्यांच्याकडे पैसा होता त्यांना मंजूर लेआउटमध्ये प्लॉट मिळाला. बाकीच्यांनी शेतात पाडलेले प्लॉट घेतले. अशा विनापरवाना प्लॉटना नियमित करणारा गुंठेवारी कायदा २००१ साली आला तेव्हा १ जानेवारी २००१ पर्यंतचेच प्लॉट नियमित होणार होते. २०२१ च्या दुरुस्तीने ही तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवली. मी त्या दुरुस्तीचे स्वागतच करतो, हजारो कुटुंबांना तिचा आधार आहे. पण आराखड्याची वीस वर्षे आणि नंतर नियमित करावी लागलेल्या बांधकामांची वीस वर्षे एकच आहेत, हे नगररचनेच्या टेबलावर कुणी तरी ठळक अक्षरांत लिहून ठेवायला हवे.

आमच्या लेआउटचा नकाशा माझ्याजवळ आहे. गृहनिर्माण संस्थेने शेत घेऊन बाराशे-पंधराशे चौरस फुटांचे प्लॉट पाडले आणि मधली एक जागा सार्वजनिक उपयोगाची म्हणून हिरव्या स्केचपेनने रंगवली. त्या हिरव्या जागेवर आज घरे आहेत. त्यांच्याकडेही नोंदणीकृत विक्रीपत्र आहे, त्यांनीही पोटाला चिमटा काढूनच पैसे भरले. रस्ता नकाशात तीस फुटांचा, प्रत्यक्षात काही ठिकाणी अठरा. त्यामुळे गडर लाइन (सांडपाण्याची नळी) टाकताना निम्म्या लोकांच्या पायऱ्या फोडाव्या लागल्या. शेजारी वायरमन आहे, त्याला मुलाच्या लग्नाआधी वर एक खोली चढवायची होती. बँकेने आरएल, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचे पत्र, मागितले. आरएलसाठी डिमांड, म्हणजे नियमित करण्याचे शुल्क, भरायला हवी, डिमांड निघायला नकाशा जमिनीशी जुळायला हवा, आणि तो जुळत नाही. शेवटी त्याने पतसंस्थेकडून चढ्या व्याजाने कर्ज काढले. '५७२ लेआउट' आणि '१९०० लेआउट' हे अनधिकृत लेआउटच्या याद्यांचे शब्द ज्या शहरात शाळकरी पोरांनाही ठाऊक आहेत, तिथे अशी घरे गल्लोगल्ली सापडतील.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने १९६९ पासून प्रत्येक शहराला घरांचे नियोजन बंधनकारक केले आहे. प्रत्येक प्रदेशाला किती घरे लागतील हे राज्य ठरवते आणि मग हा आकडा शहराशहरांत, उत्पन्न गटांनुसार वाटून दिला जातो. साधारण आठ वर्षांचे चक्र असते. शहराला जागांची यादी द्यावी लागते, प्लॉटच्या क्रमांकासह, आणि किती घरांना परवानगी दिली याचा अहवाल दरवर्षी राज्याला पाठवावा लागतो. कायद्यात बसणारा आराखडा शहराने केला नाही, तर ठरावीक हिस्सा परवडणाऱ्या घरांसाठी ठेवणाऱ्या प्रकल्पाला स्थानिक झोनिंग (जमीन-वापराचे नियम) पुढे करून नकार देणे त्याला अवघड जाते. तिथली घरे आजही भयंकर महाग आहेत आणि अनेक शहरे या आकड्यांना विरोध करतात, हेही खरे. कागदावर आकडा आला म्हणून छप्पर उभे राहत नाही. पण आकडा असला की नागरिकाला महापालिकेत जाऊन विचारता येते, एवढी ठरली होती, किती झाली? आम्ही कशाच्या आधारावर विचारायचे?

आपल्याकडे राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत बांधकाम नियमावलीत दहा लाखांवरच्या शहरांसाठी सर्वसमावेशक गृहनिर्माणाची तरतूद आहे. चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेच्या प्रकल्पात वीस टक्के हिस्सा लहान घरांसाठी ठेवायचा असतो. तरतूद चांगली आहे, पण ती मोठ्या बिल्डरपुरती. गुंठाभर जागेवर स्वतः घर बांधणाऱ्यापर्यंत ती पोहोचत नाही, आणि नागपूरचा गरीब माणूस घर बांधतो ते असेच.

म्हणून कलम २२ मध्ये दुरुस्ती व्हावी. वीस वर्षांची घरांची गरज उत्पन्न गटांनुसार आराखड्यात लिहिली जावी. प्रत्येक गटासाठी जमीन खसरा क्रमांकासह दाखवली जावी, त्या जमिनीला पाणी आणि गडर लाइन कोणत्या वर्षी मिळेल ते नमूद व्हावे, आणि झालेल्या घरांचा हिशेब दरवर्षी झोन कार्यालयाच्या फलकावर मराठीत लागावा. महापालिका, नागपूर सुधार प्रन्यास (नासुप्र) आणि महानगर प्राधिकरण यांच्या हद्दींमुळे हा हिशेब तीन फायलींत विखुरला जाऊ नये. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन याच शहरात भरते. शहरातल्या आणि जिल्ह्यातल्या आमदारांनी या दुरुस्तीचा मसुदा तिथे मांडावा, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत.

आपला,
एक प्लॉटधारक वाचक, हुडकेश्वर, नागपूर