पाचवीत पात्र, सहावीत अपात्र: शिक्षणमंत्र्यांना एका बापाचं खुलं पत्र

मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य
सविनय नमस्कार.

मी चंद्रपूर जिल्ह्यातला धानाचा शेतकरी. साहेब, माझं घर तेच, पोरीची शाळा तीच, मधला रस्ताही तोच. मग गेल्या वर्षी वाहतूक भत्त्याला पात्र असलेली माझी मुलगी यंदा अपात्र कशी झाली?

गावची शाळा चौथीपर्यंत. पुढची 2.6 किलोमीटरवर. पाचवीपर्यंत शाळा 1 किलोमीटरच्या आत नसेल तर भत्ता मिळतो. सहावी ते आठवीला हीच मर्यादा 3 किलोमीटर होते. पोरगी पास झाली आणि यादीतून नाव गेलं. भत्त्याच्या भरवशावर चार घरांनी मिळून ऑटो लावला होता, तोही सुटला.

यादी लागली त्याच आठवड्यात वाटेतल्या नाल्याच्या रपट्यावरून, म्हणजे ठेंगण्या पुलावरून, पाणी गेलं. धानाचा रोवणा (लावणी) अर्धा टाकून मी धावलो. पोरगी पलीकडे उभी, चपला हातात, दप्तर डोक्यावर. खांद्यावर बसवून आणली. रात्री तिच्या आईने चुलीजवळ एकेक वही उघडून ठेवली. भूगोलाच्या वहीची पानं चिकटली होती, सोडवताना फाटली. नाल्याला न भ्यालेली पोर त्या वहीपायी रडली.

कार्यालयात विचारलं तर "अंतर बसत नाही". त्या अंतरात नाला धरला का? वाघ धरला का? वनखात्याची माणसं गावात येऊन बजावतात, एकटं फिरू नका, अंधाराआधी घर गाठा. शाळा सुटते पाचला. डिसेंबरात साडेपाचला दिवस बुडतो.

मुलींना एसटीचा पास मोफत आहे, हे मला माहीत आहे. अहिल्याबाई होळकर योजनेतला. पण एसटी फाट्यावरून आमच्या गावात वळतच नाही! सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाची निळी बस आहे, ती आठवी ते बारावीच्या मुलींसाठी. म्हणजे दहा वर्षांच्या पोरीला भत्ता, तेरा वर्षांच्या पोरीला बस, आणि मधली दोन वर्षं तिने नाला तुडवायचा. हे नियम लिहिणाऱ्यांनी एकदा तरी शेजारी शेजारी ठेवून वाचले होते का?

शिक्षण हक्क कायदा 2010 पासून लागू आहे. कमी पटाच्या शाळा बंद करायची भाषा मात्र दरवर्षी ऐकू येते. पट असाच कमी होतो, साहेब. आमच्या गावात सातवीत घरी बसवलेल्या पोरी आहेत, त्यांच्या बापांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही.

विदर्भाचं ऊन सरकारला कळतं, म्हणून आमच्या शाळा उशिरा उघडतात. मग पाऊस का कळत नाही? पहिलीपासून आठवीपर्यंत एकच मर्यादा ठेवा. वाटेत नाला किंवा जंगल असेल तिथे अंतराची अटच नको. अधिवेशनासाठी तुम्ही नागपूरला येता ते डिसेंबरात, तेव्हा आमच्या नाल्यात घोटाभरही पाणी नसतं. मोजायला जुलैत माणूस पाठवा. मी रपट्यावर उभा राहीन, रोज सकाळी दहाला असतोच.

आपला,
सहावीतल्या मुलीचा बाप