काका, त्या कोऱ्या चहाबद्दल थँक्यू

मंगळवार पेठेतल्या पेंटर काकांना,

काका तुम्ही मोबाईलवर काय वाचत नाही माहितीय, नात वाचून दाखवेल म्हणून लिहितोय.

दोन महिने मी सायनोटाइपच्या मागं लागलेलो, १८४२ ची जुनी पद्धत, कागदाला केमिकल लावायचं, सुकलं की वर निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायचं आणि पाण्यात धुतलं की निळा फोटो. फॉर्म्युला मला तोंडपाठ, १०० मिली पाण्यात २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसऱ्या १०० मिलीत १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड, लावताना निम्मं निम्मं. पण प्रिंट धुतली की फोटोतल्या रंकाळा तलावाच्या पाण्यात ब्रशचे पट्टेच पट्टे, कुणी नांगर फिरवल्यासारखे. मी आपला कागदाला शिव्या घालतोय, तीन प्रकारचे कागद आणून झाले, पैसे गेले ते वेगळेच.

तुम्ही माझा हात बघून एवढंच विचारलंत, "रंग लावतोयस का भांडी घासतोयस रं?" आणि केमिकल बाजूला सारून वाटीत कोरा चहा ओतलात. अख्खी दुपार मी ड्रॉइंग शीटला चहा लावत होतो. चहाचे पट्टे लगेच दिसतात आणि फुकट, हे मला का सुचलं नाही काय माहीत. ब्रश आधी पाण्यात भिजवून पिळायचा, चहा एका कडेला ओळीत ओतायचा, आधी आडवं मग उभं, हात पिसासारखा, आणि ओली चमक गेली की ब्रश उचलायचा, परत तिथं जायचंच नाही. मी नेमका तिथंच जायचो, मग कागदाची लव निघायची आणि धुतल्यावर तेच डाग.

प्रिंटवर निळे ठिपके पण पडायचे, ते ब्रशच्या केसांभोवतीच्या पत्र्यामुळं, लोखंडाला फेरिसायनाइड लागलं की निळं होतं, हे मी वाचलेलं होतं तरी तोच ब्रश वापरत होतो (आळस, दुसरं काय). तुम्ही पत्रा उचकटून केस दोऱ्यानं आवळून बांबूच्या पट्टीला बांधून दिलेत. फ्लेक्स आल्यापासून डब्यात पडलेला ब्रश तो, कधीकाळी पिक्चरच्या बॅनरवर फिरलेला, आणि तुम्ही "ने की" म्हणून देऊन टाकलात.

काल रंकाळ्यातल्या संध्यामठाची प्रिंट काढली. ए-फोरला तीन मिलीत काम झालं, पाणी एकसारखं निळं. उरलेल्या कोऱ्या चहात बुडवली तर निळा मस्त काळपट झाला, म्हणजे चहा दोन्हीकडं कामाला आला.

रविवारी घेऊन येतो. डाव्या कोपऱ्यात जरा जाड राहिलंय, तुम्हाला आधी तेच दिसणार.