खाडीपलीकडची जकात

सूर, ओमान
शनिवार

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तिकडं टोळ्यांच्या मारामाऱ्या चालतात म्हणे, राजाला कुणी विचारत नाही?" मागून आई म्हणाली, "आधी जेवली का ते विचारा," आणि तेवढ्यात फोन कटला. दोन्हीची उत्तरं फोनवर धड देता येणार नाहीत, म्हणून लिहायलाच बसले.

आई, जेवले. सुरमई स्वस्त मिळाली होती. तू सांगितलंस तसं कोकम घालून केली, पण आमसुलं आता संपत आली आहेत.

बाबा, तुम्ही जे वाचलंत ते शेजारच्या येमेनचं असणार. इथे आज मारामारी सोडा, रात्री अकरा वाजता मी एकटी समुद्रावर फिरून येते. पण तुमचा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी विचारला असतात तर 'हो' म्हणावं लागलं असतं, तेसुद्धा ह्याच गावाबद्दल. गेलं वर्षभर मी मिळेल ते वाचतेय आणि सारखं वाटतं, हे तुमच्यासारख्या तलाठ्याला कळायला हवं. कारण सगळी भानगड वसुलीची आहे.

आधी गाव डोळ्यांपुढे आणा. मस्कतहून आग्नेयेला गाडीनं दोन-सव्वादोन तास. समुद्रातून एक चिंचोळी खाडी आत शिरते आणि आत तिचं पसरट तळं होतं. अलीकडच्या काठावर सूर, पलीकडे ऐजा. मध्ये झुलता पूल आहे, तो 2009 चा. चालत पाच मिनिटांत पलीकडे. त्याआधी होडीनं जायचं, नाहीतर लांबचा वळसा. काठावर गलबतांचे कारखाने आहेत, लाकूड मलबारचा साग. 'फतह अल खैर' नावाचं 1951 सालचं जुनं गलबत आता काठावर ठेवलंय. येमेनला विकलं गेलं होतं, ते गावकऱ्यांनी 1993 मध्ये परत आणलं.

माझ्या शिफ्टमध्ये सहा जण अरैमी आडनावाचे आहेत. मग मुखैनी, गैलानी, अलवी. फोनमध्ये नावं साठवताना माझी पंचाईत झाली, शेवटी 'अरैमी बॉयलर', 'अरैमी चष्मा' अशी लिहिली. पुढे कळलं की ही नुसती आडनावं नाहीत, हा गावाचा नकाशा आहे. अरैमी, मुखैनी, गैलानी ही जनबा कबिल्याची पोटकुळं आणि सूरमधल्या त्यांच्या वेगवेगळ्या आळ्या. अलवी म्हणजे बनी बू अली. त्यांचं मूळ गाव आत वाळवंटाच्या कडेला, जालानमध्ये, आणि समुद्राकडचं त्यांचं दार म्हणजे ऐजा. थोडक्यात, खाडी ही नुसती खाडी नव्हती, बांध होता. आणि बांधावरून काय होतं ते मी तुम्हाला काय सांगणार?

सुलतान मस्कतला. त्याचा वाली, म्हणजे सुभेदार, इथे असायचा, जकात गोळा करायला. आता ऐका. 1920 च्या दशकाच्या शेवटी बनी बू अलींच्या अमीरानं सुलतानाची जकात धुडकावली आणि ऐज्यात स्वतःचं नाकं बसवलं. एकाच बंदरात, एकाच भरतीच्या पाण्यावर, दोन जकाती! व्यापाऱ्यानं माल कुठे उतरवायचा? जिथे कमी पडेल तिथे. तुम्ही जतला असताना म्हणायचात, पंचनाम्याला पंच मिळत नसला की समजावं, गावात दोन तट आहेत आणि दोघंही तिसऱ्याला घाबरत नाहीत. सूरमध्ये तो तिसरा म्हणजे खुद्द सुलतान.

तो इतका लेचापेचा का, तर एकेकाळी झांझिबारसुद्धा त्याच घराण्याचं होतं. 1861 मध्ये हिंदुस्थानचा व्हाइसरॉय लॉर्ड कॅनिंग ह्याच्या लवादानंतर वाटणी झाली, श्रीमंत वाटा आफ्रिकेकडे गेला, मस्कतला दर वर्षी 40,000 रियाल मिळायचे ठरले. त्यात आगबोटी आल्या आणि शिडाच्या गलबतांचा धंदा बसत गेला. तिजोरी रिकामी, फौज नाही. मस्कतच्या जकातीचा मक्तासुद्धा कच्छी भाटियांकडे असायचा. ज्याला कर गोळा करायला मक्तेदार लागतो, त्याचा हुकूम दोनशे किलोमीटरवर कोण ऐकणार?

सूरवाल्यांनी तर आणखी पुढची युक्ती काढली. त्यांची गलबतं फ्रान्सचा झेंडा लावायला लागली. गुलामांची ने-आण रोखायला इंग्रज आरमार गलबतं थांबवून झडती घ्यायचं, पण फ्रेंच झेंडा असला की हात लावता यायचा नाही. (ह्यात गुलामांच्या व्यापाराचा भाग होता हे इथले लोक बोलताना हळूच गाळतात. मी गाळत नाही.) 1900 मध्ये सुलतान फैसल इंग्रज अधिकाऱ्याला घेऊन जातीनं सूरला आला आणि कित्येक मालकांकडून ते झेंडे सोडवून घेतले. तरी फ्रान्स आणि इंग्लंड भांडत भांडत हेगच्या लवादापर्यंत गेलेच. 1905 मध्ये निकाल लागला. नवे झेंडे वाटणं जवळजवळ बंद झालं, जुने रीतसर मिळालेले राहिले. विचार करा, सूरच्या नाखव्यांच्या कागदपत्रांवर तिकडे युरोपात न्यायाधीश बसले होते!

तटांचं मूळ आणखी जुनं आहे. 1720 च्या दशकात इमाम (म्हणजे धर्माचा आणि राज्याचा प्रमुख) कोण ह्यावरून यादवी झाली. एका बाजूचा पुढारी हिना कबिल्याचा, दुसऱ्या बाजूचा बनी गाफिरचा. 1728 मध्ये सोहारला दोघंही मारले गेले, पण हिनावी आणि गाफिरी ही नावं उरली आणि सगळा ओमान दोन रंगांत वाटला गेला. मूळ भांडण कशाचं होतं हे विसरल्यावरही. जालानमध्ये बनी बू अली गाफिरी, आणि त्यांच्याला लागून असलेलं बनी बू हसन हिनावी. दोन्ही गावं मी पाहिली. एका गावातून निघून दुसऱ्यात कधी शिरलो ते ड्रायव्हरनं सांगितल्यावर कळलं.

पण बाबा, ह्याला नुसती बेबंदशाही म्हणू नका. खून झाला तर खुनी एकटा जबाबदार नसायचा, सगळा कबिला सामाईक खातेदार. एकतर बदला, नाहीतर 'दिया', म्हणजे रक्ताची भरपाई, आणि ती सगळ्यांनी मिळून भरायची. त्यामुळे आपल्यातल्या माथेफिरूला आवरणं हे प्रत्येक कुळाच्या फायद्याचं होतं. पोलीस नाही, कोर्ट नाही, विमा नाही, तिथे कुळ हेच तिन्ही. अडचण एवढीच, की ज्याला कुळ नाही त्याला काहीच नाही. 1865 मध्ये सूरवर हल्ला झाला तेव्हा इथल्या हिंदी व्यापाऱ्यांची दुकानं लुटली गेली. त्यांचा कबिला कोणता? मग इंग्रज सरकारच त्यांचा कबिला झालं. पुढच्याच वर्षी युद्धनौका आली आणि बदला म्हणून सूरचे बुरूज पाडून गेली. एकदा त्या नजरेनं पाहिलं की साम्राज्यसुद्धा एक टोळीच वाटायला लागते, फक्त तोफा मोठ्या.

1920 मध्ये सुलतान आणि आतल्या मुलखातला इमाम ह्यांच्यात सीबचा तह झाला. त्यातली पहिलीच अट जकातीची. आतून मस्कत, मत्रा, सूर किंवा किनाऱ्यावरच्या कुठल्याही गावात येणाऱ्याकडून शेकडा 5 हून जास्त घ्यायचं नाही. आणखी एका कलमात सुलतानानं कबूल केलंय, की आतून पळून आलेल्या गुन्हेगाराला आसरा देणार नाही. म्हणजे राजा स्वतःच्या किनाऱ्यावरसुद्धा अटी ऐकून घेत होता.

आता मला खरं जे सांगायचंय ते. मागच्या महिन्यात जालानला गेले होते. तिथे बनी बू अलीत 52 घुमटांची एक मशीद आहे, ती पाहायला. गावाबाहेर खजुराची बनं, मग रेताड मैदान. 9 नोव्हेंबर 1820 ला तिथे काय झालं ते मला माहीत होतं. ह्या कबिल्यावर चाचेगिरीचा आरोप होता आणि इंग्रजांचं पत्र घेऊन गेलेल्या माणसाला किनाऱ्यावर मारलं गेलं होतं. कॅप्टन थॉम्सन नावाचा अधिकारी मुंबई इलाख्याचे शिपाई घेऊन सूरला उतरला, सुलतान सईद फौजेसह बरोबर. बनी बू अली तलवारी घेऊन असे तुटून पडले की बंदुका पुन्हा भरायला वेळच मिळाला नाही. सुलतानाच्या हाताला गोळी लागली. शेकड्यांनी शिपाई तिथेच पडले. वरून एवढं करायची परवानगीच नव्हती म्हणून थॉम्सनवर मुंबईत कोर्ट मार्शल झालं.

मग अब्रूचा प्रश्न. 1821 मध्ये मुंबईहून अडीच-तीन हजारांची फौज निघाली. सूरजवळ तळ पडला होता तेव्हा बनी बू अलींनी रात्री छापा घातला. 2 मार्चला गाव पडलं, किल्ला उडवला, खजुरीची झाडं तोडली, आणि कैदी गलबतात घालून मुंबईला नेले. दोनेक वर्षांनी सोडले. काही पलटणींना 'बेनी बू अली' हा रणसन्मान मिळाला.

त्या शिपायांमध्ये आपल्याकडचे किती असतील? मुंबईच्या देशी पायदळात तेव्हा कोकणातली, देशावरची पोरं भरती व्हायची. मी उभी होते तिथे एकही दगड नाही, नाव नाही. कुठल्या तरी हिनावी-गाफिरीच्या भांडणात, सुलतानाच्या वतीनं, कंपनीच्या पगारावर, दापोलीचा नाहीतर साताऱ्याचा एखादा पोरगा. त्याला कुणी सांगितलं तरी असेल का, की आपण कुणाशी लढतोय? मला उन्हात गाडीत बसवेना. आई, तू म्हणशील हिला काय सुचतं. पण मी पाण्याची बाटली उघडून थोडं पाणी वाळूत ओतलं. ड्रायव्हर अलवी होता. त्यानं काही विचारलं नाही, आणि मग आपल्या बाटलीतलंही थोडं ओतलं.

बाकी ठीक. बाबा, बीपीची गोळी रोज. आईचे डोळे तपासून घ्या, मी पैसे पाठवलेत. दिवाळीला रजा मंजूर झाली तर हलवा घेऊन येते, इथला तूप सुटलेला, केशराचा.

आणि एक गोष्ट तुमच्यावर सोपवते. आमच्या फोरमननं, त्या 'अरैमी चष्मा'नं, काल चहाच्या वेळी विचारलं, "तुझा कबिला कोणता?" मी आडनाव सांगितलं. म्हणाला, "किती माणसं आहेत?" मी मोजली. तुम्ही दोघं, दादा-वहिनी, पिंट्या, मी. "सहा."
"आणि काका वगैरे?"
"आहेत, पण विहिरीवरून बोलणं बंद आहे. अकरा वर्षं."
त्यानं चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "मग मध्यस्थ कोण आहे?"
काय सांगू त्याला?

तुमची,
ताई

ता. क. आमसुलं पाठवता आली तर बघा.