मंत्रीसाहेब, पोराला टूलकिट देताय, शिकवणाऱ्याचं काय?

मा. कौशल्य विकास मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

साहेब नमस्कार. मी सुतार आहे, छोटं वर्कशॉप चालवतो, लिहायची सवय नाही त्यामुळे मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

दीड वर्षापूर्वी एका बालगृहातल्या ताई एका पोराला माझ्याकडे घेऊन आल्या. 18 पूर्ण झाली म्हणजे कायद्याने तो आता बालक नाही, बालगृहात ठेवता येत नाही, दहावी नापास, मागे कोणी नाही. पहिले तीन महिने त्याने काय केलं तर भुसा झाडला, फळ्या धरल्या, माझ्या दोन पटाश्यांची धार घालवली आणि सागाची एक चांगली फळी दोन इंच आखूड कापून ठेवली. मी पण माझ्या वडलांचं असंच नुकसान केलेलं, पण ते वडील होते, शिव्या घातल्या आणि विषय संपला, नुकसान घरातल्या घरात जिरलं. ज्याला घरच नाही त्याचं नुकसान कोणी जिरवायचं? मला जमलं तेवढं मी जिरवलं, पण माझ्या ओळखीच्या दोघा मिस्त्रींनी सरळ हात जोडले आणि खरं सांगतो, मला त्यांचा राग नाही आला.

आता पीएम विश्वकर्मा योजना बघा. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झाली, 18 धंदे आहेत, सुतार लोहार कुंभार गवंडी शिंपी सगळे, टूलकिटला 15,000, ट्रेनिंगला रोजचे 500, पुढे 5 टक्क्याने कर्ज. योजना चांगली आहे, मीच फॉर्म भरलाय. पण ती आधीपासून त्या धंद्यात असलेल्या माणसासाठी आहे. बेसिक ट्रेनिंग 5 ते 7 दिवसांचं, तेवढ्यात माझ्यासारख्याला चार नवीन गोष्टी कळतील, पण ज्याने रंधा कधी धरलाच नाही त्याचा हात पाच दिवसात बसतो का? वर रेशन कार्ड पाहिजे, आणि ते नसेल तर घरातल्या सगळ्यांची आधार कार्डं. घरातल्या सगळ्यांची! आमचं पोरगं ही अट वाचून हसलं, मला काय बोलावं सुचेना.

राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आहे, तिला किमान बारावी पास लागतं. म्हणजे तिथेही हा बाहेरच. 2015 च्या बाल न्याय कायद्यात बाहेर पडणाऱ्या मुलांना मदत करायची तरतूद आहे, 21 वर्षांपर्यंत राहायला अनुरक्षणगृहं आहेत, पण हातात काम कोण देणार.

माझं म्हणणं एवढंच की पैसे शिकवणाऱ्याला द्या. अशा पोराला वर्षभर हाताखाली घेणाऱ्या मिस्त्रीला, शिंप्याला, गवंड्याला महिन्याला काहीतरी ठरवून द्या, पोराचा स्टायपेंड वेगळा आणि थेट त्याच्या खात्यात. लोक पैसे घेतील आणि पोराला बिगारी म्हणून राबवतील अशी भीती वाटेल तुम्हाला, बरोबरच आहे, आमच्यात पण तसले आहेत. म्हणून हप्ता कामावर ठेवा: सहा महिन्यांनी पोराने एकट्याने खिडकीची चौकट करून दाखवली तर पुढचा हप्ता, नाही तर नाही. हजेरीचे फोटो मागू नका, ते कोणीही काढतं. आणि 18 व्हायची वाट कशाला बघायची, सोळाव्या वर्षी सुट्टीत येऊ द्या, मशीनला हात लावू द्यायचा नाही पण करवत, रंधा, माप घेणं शिकू द्या.

अजून एक. 'पारंपरिक धंदा' म्हटलं की आपल्याकडे लोक आधी आडनाव विचारतात. या पोराला पण गिऱ्हाईकाने विचारलंच, तुम्ही सुतारच का? तो म्हणाला, होतोय. मला ते लय आवडलं. जातीने गळ्यात मारलेले धंदे परत त्याच घरांच्या गळ्यात मारायचे असतील तर मी म्हणतोय ती योजना नकोच, पण ज्याला आवडेल त्याला आवडेल तो धंदा असं असेल तर ही पोरं त्यात सगळ्यात मोकळी आहेत. पोरींना पण विचारा हो, दरवेळी शिवण आणि पार्लर का, मापात पोरी जास्त पक्क्या असतात.

रेशन कार्डाची अट केंद्राची आहे, माहितीये मला. पण बाल कल्याण समितीचं पत्र चालवून घ्या असं तुम्ही दिल्लीला कळवू शकता. पोराचा विश्वकर्माचा फॉर्म भरायला आम्ही परत जाणार आहोत, गेल्या वेळी कॉम्प्युटरवाला म्हणाला होता की कुटुंबाचा रकाना रिकामा ठेवला तर पुढचं पान उघडतच नाही.

आपला,
एक सुतार