तीन सुर्ला आणि एक डबा

प्रिय मामा,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र असं चारचौघांत लिहिते आहे म्हणून रागावू नका. आभार मानायला घरी आले तेव्हा तुम्ही "तें आसूं, च्या घे" म्हणून विषय बदललात. दुसऱ्यांदा आले तेव्हा फणसाच्या कापांचं पुडकं हातात देऊन वाटेला लावलंत. म्हणून आता लिहूनच टाकते. नाव छापायचं नाही ही तुमची अट पाळली आहे. तुम्ही नुसते मामा, कदंबचे, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसचे, निवृत्त कंडक्टर, मुक्काम वाळपई. एवढ्यावरून ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच, त्याला माझा इलाज नाही.

आठवतं ना, नोव्हेंबरात आम्ही चौघे तुमच्या ओसरीवर नकाशा पसरून बसलो होतो? सत्तरी तालुक्यातल्या सुर्लापासून काणकोणच्या खोतीगावपर्यंत, गोव्याच्या पूर्वेकडच्या डोंगरांतून आठ दिवस चालायचं, असा आमचा बेत. मी फोंड्याला शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे नकाशा माझा आणि अहंकारही माझाच. लाल पेनाने एक सलग रेघ मारली होती: सुर्लाचं पठार, खाली म्हादईचं खोरं, तांबडी सुर्ला, मोले, कुळे, नेत्रावळी, वेर्ले, खोतीगाव. तुम्ही चष्मा पुसून रेघ पाहिलीत आणि विचारलंत, "हातूंत वस्तीची गाडी खंय खंय आसा?"

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. उंची, ओढे, चढउतार, सगळं आम्ही काढलं होतं. संध्याकाळी गावात शिरून रात्री तिथेच थांबणारी आणि पहाटे शहराकडे निघणारी बस कुठल्या गावात असते, हे कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. मग तुम्ही ते समजावलंत. वस्तीची गाडी असलेल्या गावात संध्याकाळी सामान पोचू शकतं आणि पहाटे आजारी माणूस बाहेर पडू शकतो. जिथे ती नाही तिथे दोन्ही तुमच्या पायांवर. तेव्हा पायांचे टप्पे गाडीच्या टप्प्यांना जुळवून घ्या, आणि जिथे जुळत नाहीत तिथे एक दिवस जास्तीचं खाणं पाठीवर ठेवा. आत जाऊन तुम्ही जुन्या वेबिलांचा, म्हणजे कंडक्टरच्या तिकीट-हिशेबाच्या कागदांचा, गठ्ठा आणलात आणि त्यातल्या एका पाठकोऱ्या कागदावर आमचा प्रवास नव्याने मांडलात. डावीकडे टप्पा, मग मुक्काम, मग सामान कुठून कसं येणार, आणि शेवटच्या रकान्यात "पळवाट". तो कागद माझ्याकडे आहे. घडीवर फाटला होता, मागून चिकटपट्टी लावली आहे.

पहिली काट मारलीत ती तारखेवर. आम्ही 3 डिसेंबरला निघणार होतो, सुट्टी म्हणून. तुम्ही कपाळाला हात लावलात. त्या दिवशी जुन्या गोव्यात सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं, फेस्त, सगळं गोवं तिकडे लोटतं, गाड्याही तिकडेच, आणि तुम्ही साखळीच्या स्टँडवर बोटं मोडत बसणार. आणखी एका खेपेसमोर तुम्ही लिहिलंत, "शाळेची गाडी. आयतारा ना." रविवारी नसलेल्या बसची वाट बघत अर्धा दिवस घालवलेल्या माणसालाच त्या चार शब्दांची किंमत कळते.

दुसरी काट कॅसलरॉकवर. मोले ते कुळे या मधल्या भागात आम्ही एक आडवळण घेतलं होतं: कॅसलरॉकला जाऊन रेल्वेच्या रुळांवरून दूधसागरमार्गे कुळ्याला उतरायचं. 37 फुटांमागे 1 फूट असा तो घाटातला उतार मुलांना शिकवून शिकवून मला प्रत्यक्ष पाहायचा होता. रुळांवरून चालणं हा रेल्वे कायद्याने गुन्हा आहे, आणि जुलै 2023 मध्ये तर दक्षिण पश्चिम रेल्वेने दूधसागरला जाण्यासाठी रुळांवरून चालू नका असं जाहीर आवाहनच केलं होतं, हे मला ठाऊक होतं. पण "सगळेच जातात" हे वाक्य माझ्यासारख्या शिक्षिकेच्याही तोंडून सुटतं. तुम्ही वाद घातला नाहीत. बोगद्यात समोरून गाडी आली तर माणूस कुठे उभा राहतो ते दाखवायला ओसरीच्या भिंतीला पाठ टेकून उभे राहिलात, पोट आत घेऊन. मी गुपचूप ती रेघ खोडली.

तिसऱ्या काटीवर मात्र मी भांडले. कुळे ते नेत्रावळी हा भाग तुम्ही सरळ "गाडी" म्हणून लिहिलात. माझी सलग रेघ तुटली! तुमचं म्हणणं, डांबरावरून ट्रकांच्या धुळीत दोन दिवस चालून पाय सोलून घ्यायचे आणि खऱ्या डोंगराला थकलेले पाय द्यायचे, याला अक्कल म्हणत नाहीत. कुळ्याहून रेल्वेने सावर्डे-कुडचडे, तिथून सांगे, सांग्याहून नेत्रावळी. अर्ध्या दिवसात काम फत्ते. रेघेचं दुःख मला अजून थोडं आहे, खोटं कशाला बोलू. पण नेत्रावळीहून वेर्ल्याचा चढ चढताना माझ्या टाचा शाबूत होत्या.

आणि वजन! तुमच्या शेजारच्या पसऱ्यातून, म्हणजे दुकानातून, ताणकाटा मागवून तुम्ही आमच्या पिशव्या लटकवल्यात. माझी 16 किलो भरली. मग हिशेब मांडलात. माणशी रोजचं कोरडं खाणं साडेसहाशे ग्रॅम धरलं तर चौघांचं आठ दिवसांचं 21 किलोच्या घरात जातं. वाटेत तीन ठिकाणी डबे ठेवले तर एका वेळी तीन दिवसांहून जास्त उचलायची गरज नाही, म्हणजे 8 किलोच्या आत, ते चौघांत वाटून दोन-दोन किलो. पाणी मात्र कमी करायचं नाही. तीन लिटर म्हणजे तीन किलो, आणि डिसेंबरात ओढे वाहते असले तरी उकळल्याशिवाय किंवा गोळी टाकल्याशिवाय प्यायचं नाही. कुठे काय घ्यायचं यावर तुमचा एक नियम होता, तो मी आता शाळेत मुलांनाही सांगते: "पोदेर (पाववाला) जिथपर्यंत सायकलचा भोंपू वाजवत येतो, तिथपर्यंत माणूस उपाशी मरत नाही." तांदूळ, डाळ, कांदे, अंडी, बिस्किटं, पोई (पाव), हे गावात मिळतं, ते डब्यात कोंबू नका. डब्यात जे गावात मिळत नाही तेच. वेर्ल्याला चढताना मात्र पिशवी भरून जा.

पुठ्ठ्याची खोकी तुम्ही चालू दिली नाहीत. उंदीर एका रात्रीत आत शिरतो आणि मुंग्यांना तर तेवढाही वेळ लागत नाही, म्हणून तेलाचे रिकामे पत्र्याचे डबे, झाकणाला कापडाची पट्टी. एक डबा तांबडी सुर्लाला, एक कुळ्याला, एक नेत्रावळीला. कुणाच्या घरी ठेवायचा, त्या घरच्या बाईला आधी फोन करून विचारायचं, आणि वरच्या चिठ्ठीवर लिहायचं की अमुक तारखेपर्यंत आम्ही आलो नाही तर खुशाल उघडून वापरा. ही शेवटची ओळ मला फार आवडली. दुसऱ्याच्या घरात आपलं सामान अडकवून ठेवायचं तर एवढं सौजन्य हवंच.

परवानग्यांचं तुम्ही आमच्यावर सोडलंत, तेही बरोबरच. वाट म्हादई, भगवान महावीर, नेत्रावळी आणि खोतीगाव अशा चार अभयारण्यांना शिवून जाते आणि 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे आत पाऊल टाकायला परवाना लागतो. आम्ही अर्ज केले, गावातले वाटाडे घेतले, रात्री जंगलात काढायच्या नाहीत हे ठरवलं. चूल गावातच पेटवायची, त्यामुळे गॅसही नको. तुम्ही एवढंच म्हणालात की विजार मोज्यांत खोचा आणि रोज संध्याकाळी एकमेकांचे पाय तपासा. गोचिडीतून होणारा माकडताप सत्तरीने पाहिला आहे, तुम्ही तो विषय हसण्यावारी नेला नाहीत.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र, ती.

तीनपैकी दोन डबे तुम्ही स्वतः मार्गी लावलेत. तिसरा, म्हणजे तांबडी सुर्लाचा, मीच लावते म्हणाले. फोंड्याहून तिकडे जाणारी एक ओळखीची खासगी गाडी होती. घाईत डब्यावर मार्करने लिहिलं, "सुर्ला, देवळाजवळ". भूगोलाच्या बाईंनी! सुर्ला एक सत्तरीत पठारावर, जिथून आम्ही निघालो. दुसरं धारबांदोड्यातलं तांबडी सुर्ला, कदंबकाळातलं महादेवाचं देऊळ आहे ते. आणि तिसरं डिचोली तालुक्यात, खाणींच्या पट्ट्यात. देऊळ नसलेलं गाव गोव्यात शोधावं लागेल. मी न लिहिलेला तालुका गाडीवाल्याने आपल्या अंदाजाने भरला आणि डबा डिचोलीच्या सुर्लाला जाऊन बसला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही तांबडी सुर्लाला उतरलो. काळ्या दगडाच्या देवळामागे ओढ्याचा आवाज, पाय दुखतायत, आणि ज्या घरी डबा यायचा त्या घरची वहिनी म्हणते, काहीच आलं नाही. खाण्याचं काही अडलं नाही, तिने पेज आणि सुक्या बांगड्याची किसमूर वाढली. अडलं ते निराळ्याच गोष्टीवर. माझ्या नवऱ्याच्या रक्तदाबाच्या पुढच्या पाच दिवसांच्या गोळ्या त्या डब्यात होत्या. वजन कमी करायच्या नादात मी पन्नास ग्रॅमही पाठीवर ठेवले नव्हते.

मोबाइलला रेंज येईपर्यंत रस्त्याने चालत जाऊन तुम्हाला फोन लावला. तुम्ही काही क्षण गप्प, मग एकच प्रश्न: "डब्यार कितें बरयलां?" मी सांगितलं. पलीकडून मोठा सुस्कारा आला. "बरें. फाल्यां दनपारां मोल्यां राव." म्हणजे उद्या दुपारी मोल्याला थांबा.

दुसऱ्या दिवशी आम्ही मोल्याला पोचलो. बेळगावच्या हमरस्त्यावरून ट्रक चाललेले, आणि नाक्यावर झाडाच्या सावलीत तुम्ही, पांढरा शर्ट, खांद्यावर पंचा आणि पायाशी तो तेलाचा डबा. सकाळी वाळपईहून साखळी, साखळीहून ते तिसरं सुर्ला, तिथे दोन देवळं आणि एक दुकान पालथं घालून डबा शोधलात, मग उसगाव-तिस्क आणि तिथून मोले. चार तिकिटं. ती तुम्ही शर्टाच्या खिशात घडी करून ठेवली होती, आयुष्यभराची सवय. मी पैसे पुढे केले तर म्हणालात, "हांव कितें तिकीट काडिनासतना भोंवतां?" (मी काय तिकीट न काढता फिरतो?) आणि मग आवाज चढवून, तेही माझ्या नवऱ्यासमोर: "गोळ्यो डब्यांत? गोळ्यो कमराक!" तेव्हापासून त्या गोळ्या त्याच्या कमरेच्या पाऊचमध्ये असतात, बाजारात जातानाही.

पाणी प्यायलात, शेव-चिवड्याच्या पुड्यातली एक मूठ खाल्लीत आणि समोरून येणाऱ्या गाडीला लांबूनच हात केलात. थांबायची खात्री असलेल्या माणसाचा हात वेगळा असतो. गाडी थांबली. चढताना मागे वळून तुम्ही नकाशावरच्या पुढच्या मुक्कामांबद्दल काही विचारलं नाहीत, फक्त बोटाने हवेत लिहून दाखवलंत: तालुका.

पुढचं सगळं वेबिलाप्रमाणे झालं. कुळ्याचा डबा जागेवर, नेत्रावळीचा जागेवर. वेर्ल्याला थंडी वाजली, ज्यांना गोवा म्हणजे समुद्र वाटतो त्यांनी डिसेंबरात तिथे एक रात्र काढावी. आठव्या दिवशी खोतीगावला उतरून, चावडीला, म्हणजे काणकोणच्या मुख्य गावाला, येऊन मडगावची गाडी पकडली. कंडक्टरने तिकीट दिलं तेव्हा आम्ही चौघेही उगाच त्याच्याकडे बघून हसलो. बिचारा गोंधळला.

तांबडी सुर्लाचा डबा तुम्ही रिकामा झाल्यावर मागून घेतलात, तांदळाला. गेल्या खेपेला तुमच्या स्वयंपाकघरात पाहिला. माझ्या अक्षरातलं "सुर्ला, देवळाजवळ" तसंच आहे आणि त्याखाली तुम्ही खडूने तालुका लिहिला आहे: सत्तरी. कारण डबा आता वाळपईत आहे म्हणे.

पुढच्या आठवड्यात आम्ही चौघे येतो आहोत. नवी रेघ मारली आहे, ती तपासून हवी. रविवारी साडेदहाच्या गाडीने निघू म्हणते. ती गाडी रविवारी असते ना, मामा?

तुमची भाची,
फोंडा (तालुका फोंडा)